टर्बो गाडीचा इंधनदाब इंजिन बंद ठेवून तपासण्याची युक्ती

स्वतः टर्बो बसवलेल्या गाडीत बूस्ट (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब) चढताना इंधनदाब तितकाच वाढला नाही, तर मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होऊन पिस्टन वितळू शकतो. आणि हा दोष रस्त्यावर भरधाव वेगात शोधणे धोक्याचे असते. त्यासाठी गेज असलेला सायकलचा हातपंप पुरतो.

१. रेग्युलेटरची (इंधनदाब राखणाऱ्या भागाची) मॅनिफोल्डकडे (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांकडे) जाणारी बारीक नळी काढावी, इंजिन बंद ठेवून फक्त इंधनपंप चालू करावा आणि इंधन रेलवरील (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवरील) दाब नोंदवावा.

२. रेग्युलेटरच्या त्याच तोंडाला हातपंप जोडून १ बार हवा द्यावी. मूळ दाब ३ बार असल्यास रेलवरील दाबाचा काटा ४ बारवर जायला हवा. दिलेली हवा आपोआप उतरत असेल आणि जोड घट्ट असतील, तर डायफ्रॅम (रेग्युलेटरमधील लवचीक पडदा) फाटल्याचा संशय घ्यावा.

३. हा दाब कायम ठेवून टाकीकडे परतीच्या नळीतील पेट्रोल अर्धा मिनिट मापात घ्यावे. २ लिटर भरले, तर पंप त्या दाबाला ताशी २४० लिटर देतो. बॅटरीला चार्जर लावून व्होल्टेज इंजिन चालू असतानाइतके ठेवावे, नाहीतर पंप विनाकारण कमजोर ठरतो.

बारीक नळी परत लावताना दोन्ही टोकांना क्लिप हवीच, कारण बूस्टमध्ये ती निसटली की दाब मूळ पातळीवरच राहतो.

हे काम उघड्यावर, पेट्रोलसाठीच्या बंदिस्त डब्यात आणि अग्निशामक हाताशी ठेवूनच करावे.