मिरचीचा सॉस बाटलीत भरताना

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातनं काणकोणची खोला मिरची आणलीत की सॉस करणं सोपंय, खरी गोम टिकवण्यात आहे. माडाचं घरगुती व्हिनेगर चवीला एकदम भारी पण त्याचा आंबटपणा दर वेळी वेगळा, म्हणून लेबलवर ५ टक्के अ‍ॅसिडिटी लिहिलेलं घ्या आणि तयार सॉस पीएच मीटरने (आंबटपणा मोजायचं यंत्र, आकडा जितका कमी तितका आंबट) चेक करा, ४.६ च्या खाली हवाच, मी तर ४ च्याही खालीच ठेवते कारण बोटुलिझमचं (हवाबंद अन्नात वाढणाऱ्या जंतूंमुळे होणारी जीवघेणी विषबाधा) विष ना वासाने कळतं ना चवीने. काचेच्या बाटल्या १० मिनिटं उकळा, सॉस ८५ डिग्रीच्या वर असतानाच भरा, झाकण लावून लगेच २-३ मिनिटं उलट्या धरा. लसूण-तेल मात्र वरनं घालू नका हां, त्यात बोटुलिझमचाच धोका असतो. उघडल्यावर फ्रिजमध्येच, पावसात तर नक्कीच.