बारीक ब्लॉक्सच्या सॅम्पलर क्विल्टला हाताने टाके घालायचे कसे

ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले नक्षीचे चौकोन, एकमेकांना जोडून टॉप, म्हणजे क्विल्टचा वरचा थर, तयार झाला की काम संपलं असं बऱ्याच जणींना वाटतं आणि मग तोच टॉप घडी घालून वर्षानुवर्षं कपाटात पडून राहतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "अगं सुईच आत जात नाही." सुई जाते. पण मोठ्या ब्लॉक्ससाठीचे जे सल्ले सगळीकडे फिरत असतात ते बारीक कामाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे कुणी धडपणे सांगत नाही.

मी बोलतेय ते सॅम्पलरबद्दल, म्हणजे ज्यात प्रत्येक ब्लॉकचा नमुना वेगळा असतो अशा, जेन स्टिकलच्या क्विल्टसारख्या कामाबद्दल. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या या बाईंनी तिथल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६३ साली, तो केला. आता तो बेनिंग्टनच्या म्युझियममध्ये आहे आणि कापड नाजूक झाल्यामुळे वर्षातून थोडेच दिवस बाहेर काढतात. मध्ये १३ आडव्या आणि १३ उभ्या रांगा असे १६९ ब्लॉक, एकेक जेमतेम साडेचार-पाच इंचाचा, भोवती त्रिकोणांची किनार, आणि कोपऱ्यात त्यांनी स्वतः भरतकामात तुकड्यांचा आकडा घातलाय: ५,६०२. किनारीचे ५२ त्रिकोण आणि ४ कोपरे धरले तर २२५ नमुने होतात, म्हणजे एका नमुन्यात सरासरी पंचवीसेक तुकडे. पुढची सगळी अडचण या पंचविसात आहे.

पायरी १: कापड धुतलेलं, ब्लॉक मापात, धागे कापलेले, हे सगळं झालंय असं धरते. फक्त लाल, नीळ, अजरख, दाबू असं काही वापरलं असेल तर ओला पांढरा रुमाल घासून रंग जातो का ते टाके घालायच्या आधी बघा, नंतर नाही.

पायरी २: बॅटिंग, म्हणजे टॉप आणि अस्तराच्या मधला भरणीचा थर, पातळ घ्या. कॉटनचं पातळ किंवा लोकरीचं. लोकरीच्यातून सुई सगळ्यात सहज जाते, पण आपल्याकडच्या हवेत कॉटन बरं. बाजारात मीटरवर मिळणारं फुगीर पॉलिएस्टर कितीही स्वस्त असो, या कामाला नको, साडेचार इंची ब्लॉकमधली सगळी नक्षी त्या फुगवट्यात हरवून जाते. अस्तराला साधं मलमलच्या जवळ जाणारं सुती कापड घ्या, दाट विणीची बेडशीट अजिबात नको.

पायरी ३: तिन्ही थर जमिनीवर ताणून, मधून बाहेर, चार-चार इंचांवर कच्चे टाके. सेफ्टी पिना नकोत, हूपमध्ये, म्हणजे कापड धरून ठेवायच्या गोल चौकटीत, अडकतात.

पायरी ४: सुई 'बिट्वीन' जातीची, ९ किंवा १० नंबर. नंबर वाढतो तशी सुई आखूड आणि बारीक होत जाते, आणि इथे आखूडच हवी कारण लांब सुई जाड जागी वाकते. आपल्या शिवणसामानाच्या दुकानात बहुतेक 'शार्प' मिळतात, बिट्वीन ऑनलाइन मागवाव्या लागतात, मागवा. दोरा क्विल्टिंगचा सुती, हातभर, त्याहून लांब घेतला की गुंततो आणि झिजतो. मधल्या बोटात अंगुस्तान, आणि ते नको असं म्हणू नका, चार थरांतून सुई ढकलताना बोटाला भोकं पडतात. हूपमध्ये कापड घट्ट ताणायचं नाही, मध्ये हात ठेवला की खाली दबलं पाहिजे, नाहीतर सुई वरखाली डोलवायला जागाच राहत नाही. खुणा करायला हेरा, म्हणजे दाबून घडीसारखी रेघ उमटवायचं बोथट हत्यार, किंवा खडू. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनवर चुकूनही इस्त्री फिरवू नका, खूण पक्की बसते, आणि उष्णतेने जाणारी पेनं तर नकोच, कडक थंडीत ती रेघ परत येते, परदेशात कुणाला क्विल्ट पाठवणार असाल तर हे लक्षात असू द्या.

पायरी ५: टाके कुठून न्यायचे. मी सगळ्यात जास्त अडले ती इथे, म्हणून इथे जरा सावकाश वाचा.

सगळे सांगतात, शिवणीपासून पाव इंच सोडून टाके घाला. मोठ्या तुकड्याला हा सल्ला बरोबर आहे, कारण शिवणीचं मार्जिन, म्हणजे शिवणीमागे दुमडलेली कापडाची कड, पाव इंचाचं असतं आणि टाका त्याच्या पलीकडे मोकळ्या कापडात पडतो. आता एक इंची चौकोन घ्या. दोन्ही बाजूंचं मार्जिन त्याच्याखालीच दाबलेलं असेल तर मोकळी जागा उरली अर्धा इंच, आणि पाव इंचावरची तुमची रेघ बरोबर मार्जिनच्या कडेवर येते, टाका कधी कडेच्या आत, कधी बाहेर, त्यामुळे एक लांब एक आखूड. अर्ध्या इंचाच्या पट्टीत तर दोन्हीकडच्या रेघा एकमेकींवरच येतात आणि खाली एक सूतही मोकळं नसतं. मग बाई म्हणते माझा हात बसला नाही. हात बसलाय, रेघ चुकीच्या जागी आहे.

म्हणून माझं मत ठाम आहे: बारीक ब्लॉकमध्ये आधी मार्जिन कुठे वळलंय ते बघा आणि मग रेघ ठरवा. टॉप टाचायच्या आधीच उलटा करून प्रत्येक ब्लॉकचा मागचा फोटो काढून ठेवा, नंतर ते दिसत नाही आणि बोटाने चाचपत बसावं लागतं. शिवणीला लागून टाके घालायचे असतील तर नेहमी सखल बाजूला घाला, म्हणजे ज्या बाजूला मार्जिन वळलेलं नाही तिथे, शिवणीपासून केसभर अंतरावर. तिथे वरचं एकच कापड असतं, सुई लोण्यातून गेल्यासारखी जाते. यासाठीच मार्जिन एका बाजूला इस्त्री करायचं, उघडून दोन्हीकडे पसरायचं नाही, पसरलं तर टाका शिवणीच्या दोऱ्यातूनच जातो आणि शिवण कमजोर होते. जिथे आठ टोकं एकत्र येतात तेवढाच अपवाद, तिथे मार्जिन पंख्यासारखं गोल फिरवून चपटं करा.

आडवी शिवण आली की सखल बाजू पलटते. अलीकडे डावीकडे होती, पलीकडे उजवीकडे गेली. तिथे सुई ओढूनताणून सरळ नेऊ नका, बॅटिंगमध्येच सरकवून पलीकडच्या सखल बाजूला वर काढा. आणि ऐन चौकात, जिथे चारसहा थर असतात, तिथे धावदोरा सोडा. सुई उभी खाली, दोरा पूर्ण ओढा, मग उभी वर, एकेक टाका. वेळ लागतो, लागू दे. खालच्या हाताच्या बोटाला सुईचं टोक कुठे लागतंय ते कळलं पाहिजे, आणि दोनचार टाक्यांनी हूप उलटा करून अस्तर बघा, तिरपे टाके मागेच दिसतात. सुई बाहेर ओढायला बोटावर रबराची टोपी घाला, पक्कड नको, पक्कडीने सुई मोडते.

सपाट जागी मात्र एका वेळी दोनतीन टाके सुईवर घ्या. इंचाला दहाबारा टाके पाहिजेत म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. इतक्या शिवणींवर सहा ते आठ सारखे टाके आले तर ते उत्तम काम आहे, बारीकपेक्षा सारखे असणं महत्त्वाचं. आपल्या गोधडीत बघा, टाका चांगला मोठा असतो, पण ओळीच्या ओळी सारख्या जातात म्हणून ती देखणी दिसते. गोधडीचं थर हाताळण्याचं कसब इथे फार उपयोगी पडतं, फक्त जुन्या मऊ साड्यांत सुई जशी झरझर जाते तशी नव्या कापडाच्या चौकात जाणार नाही एवढं धरून चाला.

आता दुसरा धोका, तो फक्त सॅम्पलरमध्येच असतो. प्रत्येक ब्लॉक वेगळा, म्हणून हौसेने प्रत्येकात प्रत्येक तुकड्याभोवती टाके घातले जातात. पंचवीस-तीस तुकड्यांचा ब्लॉक मग आक्रसून कडक होतो आणि शेजारचा पाच तुकड्यांचा ब्लॉक पापडासारखा वर फुगतो. कडा सरळ येत नाहीत आणि मग कुठलीही इस्त्री ते सुधारत नाही. टाक्यांची दाटी सगळीकडे सारखी ठेवा: टाक्यांशिवायची जागा कुठेच दीड-दोन इंचांपेक्षा मोठी नको, आणि अर्ध्या इंचाच्या तुकड्यांना वेगळा टाका नकोच, त्यांचा गट धरून बाहेरून एक रेघ फिरवा. मोठा तुकडा असेल तिथे मध्ये एखादी तिरपी रेघ द्या. ॲप्लिकवर, म्हणजे वरून शिवून लावलेल्या आकारावर, टाके नकोत, त्याला खेटून बाहेरून.

क्रम: आधी ब्लॉक एकमेकांना जोडणाऱ्या सगळ्या उभ्या-आडव्या शिवणी, मधून कडेकडे. त्याने क्विल्ट जागेवर बसतो. मगच ब्लॉकच्या आतलं काम, तेही मधल्या ब्लॉकपासून. आवडता कोपऱ्यातला ब्लॉक आधी करायला घेऊ नका, अस्तराला चुण्या पडतात आणि त्या उसवल्याशिवाय जात नाहीत. दोऱ्याची गाठ सखल बाजूनेच आत ओढा, जाड बाजूला ओढलीत तर कापड फाटेल. शेवटी एक उलटा टाका आणि दोरा इंचभर आत फिरवून कापा.

पायरी ६: कडेला लावायची पट्टी. कडा सरळ असतील तर सरळ कापलेली पट्टी चालते. जेनसारखी कमानीदार किनार केली असेल तर पट्टी तिरप्या कापडाचीच काढा, सरळ पट्टी कमानीवर वळतच नाही.

पायरी ७: कच्चे टाके काढा, गार पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत सपाट पसरून वाळवा. दोरीवर टाकला तर ओल्या वजनाने ओढला जाऊन बाहेरच्या ओळींचे टाके तुटतात.