मराठवाड्यातून अमेरिकेला शिकायला जाताना विमानाचं तिकीट स्वस्तात कसं काढावं

व्हिसा झाला की घरात पेढे वाटले जातात आणि त्याच रात्री कुणीतरी मोबाईलवर तिकिटाचे दर बघून डोक्याला हात लावतं. कर्जाची रक्कम फीमध्ये गेलेली असते; तिकीट बहुतेकदा सोयाबीन-तुरीच्या पैशातून निघतं. त्यात दहा हजार वाचले तरी तिथला सुरुवातीचा किराणा होतो.

आधी तारीख सैल करा. आय-ट्वेंटीवर, म्हणजे विद्यापीठाकडून येणाऱ्या प्रवेशाच्या कागदावर, अभ्यासक्रम सुरू होण्याची जी तारीख असते, तिच्या 30 दिवस आधीपासून एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत शिरता येतं. तरी सगळे ऑगस्टमधल्या त्याच दोन-चार दिवसांच्या मागे लागतात आणि दर चढतात. गूगल फ्लाइट्सवर तारखेच्या चौकोनावर टिचकी मारली की महिनाभराचे दर दिवसागणिक दिसतात. मंगळवार-बुधवार बऱ्याचदा हलके असतात. व्हिसाची मुलाखत व्हायच्या आधीपासूनच दरावर नजर ठेवा. 'ट्रॅक प्राइसेस' चालू केलं की दर बदलल्यावर ईमेल येतो.

मग विमानतळ. आपल्याकडे परदेश म्हटलं की मुंबई, हे डोक्यात पक्कं बसलंय. संभाजीनगर-जालन्याला ते ठीक आहे. पण नांदेड, देगलूर, उदगीरकरांनी हैदराबादचा दर बघितल्याशिवाय तिकीट काढूच नये. नांदेडहून हैदराबाद मुंबईच्या निम्म्या अंतरावर आहे, आणि देवगिरी एक्सप्रेस एकीकडे मुंबईला जाते तशी दुसरीकडे सिकंदराबादलाही जाते. शोधताना दोन्ही शहरं एकदम टाकता येतात. उतरण्याच्या बाजूलाही तेच करा: न्यू जर्सीत शिकायचं असेल तर नेवार्क आणि न्यूयॉर्कचं जेएफके असे दोन्ही विमानतळ बघा.

आता सगळ्यात मोठा मोह. मुंबईहून युरोपातल्या एखाद्या शहरापर्यंत एक तिकीट आणि तिथून अटलांटिक ओलांडायला दुसऱ्याच स्वस्त कंपनीचं वेगळं तिकीट. बेरीज कमी दिसते. पण तिकिटं वेगळी असली की बहुतेक वेळा मधल्या शहरात बॅगा आपल्यालाच घ्याव्या लागतात, त्यासाठी त्या देशात शिरावं लागतं, आणि अमेरिकेच्या व्हिसावर शेंगेन देशात (एकच व्हिसा चालणारे युरोपातले बहुतेक देश) शिरता येत नाही. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही देत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यानं सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, घ्यावा, हे माझं ठाम मत आहे. हां, जे आधीच जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये शिकताहेत आणि पाठीवरच्या एका पिशवीनिशी चार दिवस अमेरिकेला जाणार आहेत, त्यांनी नॉर्स अटलांटिक, आइसलँडएअर या विमान कंपन्या जरूर बघाव्यात.

एकच पीएनआर असला तरी अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल तिथं इमिग्रेशन होतं, बॅगा घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. तिथून पुढचं विमान असेल तर मध्ये तीन तास तरी ठेवा.

दर पक्का वाटला की कंपनीच्या स्वतःच्या साइटवर 'स्टुडंट फेअर' बघा. बऱ्याच कंपन्या विद्यार्थ्यांना सवलत किंवा जादा बॅग देतात. माझ्या पुतणीचं तिकीट आम्ही एका एजंट साइटवरून काढलं, पाच-सहा हजार कमी म्हणून. नंतर कळलं की त्यात बॅग एकच, 23 किलोची. दुसरी बॅग जोडताना वाचलेले पैसे गेलेच, वर आणखी भरावे लागले. निघायच्या आदल्या रात्री दाराच्या कडीला लटकवलेल्या काट्यावर बॅग 26 किलो भरली. तूरडाळ निघाली, ज्वारीचं पीठ निघालं. शेंगदाण्याची चटणी तेवढी तिच्या आईनं काढू दिली नाही. म्हणून दर ताडताना दोन बॅगा धरूनच ताडा.

पैसे भरताना तीन गोष्टी बघा. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर. रक्कम रुपयांतच; डॉलरमध्ये भरली तर बँक वर फॉरेक्स मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचा जादा आकार, लावते. आणि शक्यतो तिकीट थेट कंपनीकडून: अमेरिकेच्या नियमाप्रमाणे, उड्डाण किमान सात दिवस लांब असेल तर कंपनीनं तिकीट 24 तास त्याच दरात राखून ठेवायचं असतं किंवा तेवढ्या वेळेत दंड न घेता रद्द करू द्यायचं असतं. एजंटच्या साइटवर ही हमी नसते.

रेल्वेचं राहिलं. मुंबईहून जाणार असाल तर जुलै-ऑगस्टात कसारा घाटात पावसानं गाड्या अडकतात, तेव्हा उड्डाणाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोचायचं. आरक्षण 60 दिवस आधी खुलतं. तो दिवस कॅलेंडरवर आजच खूण करून ठेवा आणि सोबत सोडायला येणाऱ्यांचीही तिकिटं त्याच सकाळी काढा.