आश्रयाच्या मुलाखतीला जाण्याआधी

मी दुभाषी आहे. जिवाच्या भीतीनं परक्या देशात आश्रय मागणारा आणि त्याची मुलाखत घेणारा अधिकारी यांच्या मधल्या खुर्चीत बसते. तुमच्यावर ती वेळ आली, तर आधी एक कोरा कागद घ्या.

वर एकच प्रश्न लिहा: परत गेलो तर मला कोणापासून आणि कशामुळे धोका आहे? 1951 च्या निर्वासित करारात पाच कारणं आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत. तुमची भीती यांपैकी कशाशी जोडलेली आहे, ते स्पष्ट सांगा. ‘तिकडे परिस्थिती वाईट आहे’ एवढ्यानं भागत नाही.

मग घटना क्रमानं मांडा. तारीख आठवत नसेल तर ठोकून देऊ नका. ‘धाकटी चालायला लागली तेव्हा’ असं सांगितलेलं चालतं. एका बाईंनी घाबरून तारीख सांगितली, पुढच्या वेळी ती बदलली, आणि त्यांच्या खऱ्या जखमांवरही शंका घेतली गेली. मला ते अजून सलतं.

कागदपत्रांविना सीमा ओलांडली असेल तर लपवू नका. धोक्यातून थेट आलेल्यानं विनाविलंब हजर होऊन कारण सांगितलं, तर बेकायदा प्रवेशासाठी शिक्षा करू नये, असं त्याच कराराचं कलम 31 म्हणतं.

दुभाष्याची बोली कळत नसेल तर तिथल्या तिथे बोला. माझ्याबाबतीतसुद्धा. जबाब वाचून दाखवायला सांगा, मगच सही करा.

नकार आला तर त्याच दिवशी वकिलाला अपिलाची मुदत विचारा. काही देशांत ती मोजक्याच दिवसांची असते.