महागाई, निवडणूक आणि खेळ : स्वतःच्या मतांची वही कशी ठेवावी

राजकारण, बाजारभाव आणि खेळ या विषयांवर आपण रोज तावातावाने बोलतो, परंतु सहा महिन्यांपूर्वी आपण नेमके काय म्हणालो होतो, हे विचारले तर फारच थोड्यांना आठवते. म्हणून आपली मते तारखेसह लिहून ठेवावीत, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी एक दोनशे पानी वही पुरेशी आहे. उजव्या पानावर आजचे मत लिहावे आणि डावे पान मोकळे सोडावे. पुढे काय घडले, ते वर्षभराने त्या मोकळ्या पानावर लिहायचे असते.

सुरुवात भावांपासून करावी. घरात नेहमी लागणाऱ्या आठ-दहा वस्तू ठरवाव्यात, जसे तूरडाळ, ज्वारी, शेंगदाणे, गोडेतेल, कांदा, दूध, गॅस सिलिंडर. महिन्याच्या एकाच ठरलेल्या तारखेला, शक्यतो त्याच दुकानातील भाव नोंदवावा आणि किमतीशेजारी वजन न चुकता लिहावे. आमच्या घरी चहाबरोबर लागणारा बिस्किटांचा पुडा दोन वर्षे दहा रुपयांनाच मिळत होता, म्हणून मी दर महिन्याला ‘भाव स्थिर’ असे लिहीत गेलो. एके दिवशी डब्याच्या तळाशी जुने वेष्टन सापडले आणि ते नव्याशेजारी ठेवल्यावर लक्षात आले की किंमत तीच असली, तरी आतले वजन बरेच घटले होते. तेव्हापासून मी प्रत्येक वस्तूचा भाव किलोवर काढूनच लिहितो.

सरकारी आकडा वाचतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महागाईचा दर कमी झाला, याचा अर्थ वस्तू स्वस्त झाल्या असा होत नाही. शंभर रुपयांची वस्तू पहिल्या वर्षी १०६ आणि दुसऱ्या वर्षी १०८ रुपयांना मिळू लागली, तर दर सहा टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्याही खाली येतो, पण आपल्या खिशातून आठ रुपये जास्तच जातात. शिवाय हा आकडा सरासरी कुटुंबाचा असतो. ज्या घरात औषधांवर किंवा मुलांच्या शिक्षणावर मोठा खर्च होतो, त्या घराची महागाई वेगळीच असते आणि ती केवळ आपल्याच वहीत दिसू शकते.

कांद्यासाठी मात्र दोन रकाने आखावेत : एकात आपल्या भाजीवालीचा किलोचा भाव आणि दुसऱ्यात लासलगाव बाजार समितीतील क्विंटलचा सरासरी भाव, जो वृत्तपत्रात छापून येतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याची निर्यात थांबवली, तेव्हा शहरातील ग्राहकाला हायसे वाटले, पण नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. मे २०२४ मध्ये ही बंदी उठली, तरी ४० टक्के निर्यात शुल्क आणि टनाला ५५० डॉलर ही किमान निर्यात किंमत लागू राहिली. दोन्ही रकाने समोर असले, म्हणजे ‘कांदा स्वस्त झाला’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी तो कोणासाठी स्वस्त झाला, हा प्रश्न आपोआप पडतो.

राजकारणाच्या पानावर नेत्याच्या स्वभावापेक्षा त्याने दिलेले आश्वासन लिहावे, तेही रकमेसह आणि दोन्ही बाजूंचे. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये २,१०० करण्याचे, तर महाविकास आघाडीने महिलांना दरमहा ३,००० रुपये देण्याचे आश्वासन दिले होते. निकालाआधी हे आकडे लिहून ठेवणाऱ्याला पुढे कोणाच्याही प्रवक्त्यावर विसंबून राहावे लागत नाही. आपल्या प्रभागातील रस्ता, गटार, नळाचे पाणी यांबद्दलही असेच लिहावे, आणि काम अडले तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आतला असावा लागतो. ‘रस्ता का खराब आहे’ असे विचारण्याऐवजी कामाच्या आदेशाची, मोजमाप पुस्तकाची आणि अदा केलेल्या देयकांची प्रत मागावी, कारण मते नव्हे, तर कागदपत्रे देणे कार्यालयाला बंधनकारक असते.

खेळाबद्दलचे मत सामन्यापूर्वी लिहावे. निकालानंतरचे शहाणपण वहीत घेऊ नये. तसेच केवळ क्रिकेटवर थांबू नये. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले आणि २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्निल कुसळेने नेमबाजीत कांस्य जिंकले. कोल्हापूरच्या मातीशी नाते सांगणाऱ्या या दोन वैयक्तिक ऑलिंपिक पदकांमध्ये ७२ वर्षे गेली, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून आपल्या गावातील तालीम, मैदान किंवा नेमबाजीची रेंज चालू आहे का, तेथे पूर्णवेळ प्रशिक्षक आहे का, हेही वर्षातून दोनदा पाहून लिहावे.

दिवाळीच्या साफसफाईत वही हाताशी आली, की मागील वर्षाची पाने वाचून डाव्या पानांवर नोंदी कराव्यात. चुकलेले मत खोडू नये, त्यावर चिठ्ठीही चिकटवू नये. शेजारी वेगळ्या शाईने नवी तारीख घालून, ते का चुकले एवढेच लिहावे.