घराचा नकाशा स्वतः काढा, पण भिंतीच्या जाडीसकट

नवं घर बांधणाऱ्या माणसानं इंजिनिअरकडे जाण्याआधी आपला नकाशा एकदा आपण काढून बघावा, असं माझं ठाम मत आहे. मी आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल केलं आणि तेव्हापासून साताऱ्यात एका इंजिनिअरच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढते. ट्रेसिंग पेपर, रोट्रिंगचं पेन आणि अमोनिया प्रिंटच्या वासापासून सुरुवात झाली, आता सगळं कॅडवर, म्हणजे संगणकावर नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरवर आहे. पण समोर बसलेलं जोडपं अजूनही वहीच्या पानावर चार चौकोन काढून आणतं. ‘ताई, हा हॉल, हे किचन, एवढं बसवा.’ त्या चौकोनांना माप नसतं. मग मी अंदाजानं बसवते, आणि माझ्या अंदाजात त्यांच्या घरातली माणसं नसतात.

मी सगळ्यांना ‘स्वीट होम थ्रीडी’ हे सॉफ्टवेअर सुचवते. एमान्युएल प्युबारे नावाच्या फ्रेंच प्रोग्रॅमरनं ते २००६ मध्ये आणलं. ते फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं आणि साध्या लॅपटॉपलाही झेपतं. कॅड शिकायला महिने जातात, हे एका रविवारी हाताला बसतं. पडद्यावर चार भाग दिसतात: डावीकडे वर सामानाची यादी, खाली तुम्ही वापरलेलं सामान, उजवीकडे वर नकाशा आणि त्याखाली थ्रीडी चित्र. सुरुवातीला थ्रीडीकडे बघूच नका. तिथे नजर गेली की माणसं टाइल्सचा रंग निवडत बसतात आणि नकाशा राहतो बाजूला.

संगणक उघडण्याआधी टेप घ्या आणि आत्ता राहता ते घर मोजा. पलंग, लोखंडी कपाट, फ्रिज, शिलाई मशीन, दुचाकी, देव्हारा, सगळं. कपाट साधारण ३ फूट रुंद आणि १ फूट ८ इंच खोल भरेल, डबल बेड ६ बाय साडेसहा. पण तुमचं तुम्हीच मोजा. ओट्याची उंची मोजा आणि रोज स्वयंपाक करणारीला विचारा, कंबर दुखते का, हात उचलावे लागतात का. गौरी-गणपती कुठे बसतात, पंगतीला किती पानं मांडता, गावाकडचे पाहुणे आले की गाद्या कुठे पडतात, हेही लिहा. माझ्या लेखी यादीतला सर्वांत मोलाचा भाग हाच, कारण तो दुसऱ्या कोणाच्याही नकाशातून उचलता येत नाही.

आता सॉफ्टवेअर उघडा आणि पहिल्यांदा प्रेफरन्सेसमध्ये जा. एकक फूट-इंच करा, म्हणजे गवंड्याशी आणि घरच्यांशी एकाच भाषेत बोलता येईल. मग ‘नव्या भिंतींची जाडी’ बघा. तिथे आधीपासून साडेसात सेंटिमीटर, म्हणजे ३ इंच भरलेलं असतं. आपल्याकडे तीन इंची भिंत नसते. बाहेरची ९ इंची वीटभिंत बाहेरून २० मिलिमीटर आणि आतून १२ मिलिमीटर प्लास्टर धरून सव्वादहा इंच होते. आतली साडेचार इंची भिंत दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसकट साडेपाच इंच भरते. ब्लॉकचं काम करणार असाल तर ब्लॉकची जाडी विचारून घ्या आणि त्यात प्लास्टर मिळवा.

एवढ्यानं काय फरक पडतो ते सांगते. घराच्या रुंदीत दोन बाहेरच्या आणि एक आतली अशा तीन भिंती लागल्या, तर पडद्यावर त्या ९ इंच खातात आणि जागेवर २६. म्हणजे जवळजवळ दीड फूट घर कागदावरच जास्त दिसतं.

यात आणखी एक मेख आहे. हे सॉफ्टवेअर भिंत काढताना तुम्ही क्लिक केलेली रेघ भिंतीच्या मध्यावर धरतं. दहा फुटांची बेडरूम म्हणून दहा फुटांवर दोन रेघा मारल्यात, एक बाहेरच्या भिंतीची आणि एक आतली, तर आतून मोकळी जागा ९ फूट ४ इंच मिळते. आता त्यात साडेसहा फुटांचा पलंग लावा, पायथ्याशी कपाट ठेवा. मधे १४ इंच उरतात. कपाटाचं एक दार १८ इंचांचं. ते उघडणार नाही. तेच आतून पूर्ण दहा फूट असते तर २२ इंच राहिले असते आणि दार उघडलं असतं. म्हणून भिंती काढून झाल्या की माप टाकायचं साधन घ्या आणि प्रत्येक खोलीचं माप आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत घ्या. खोलीचं माप म्हणजे हेच माप.

प्लॉटपासून सुरुवात करा. मोजणीची क प्रत, म्हणजे सरकारी मोजणीनंतर हाती येणारा प्लॉटचा नकाशा, स्कॅन करून नकाशाच्या पाठीमागे चित्र म्हणून लावता येते. सॉफ्टवेअर एक निळी रेघ देतं. तिची दोन टोकं माहीत असलेल्या बाजूवर ठेवायची आणि लांबी टाकायची, की सगळं चित्र प्रमाणात बसतं. तरीही जागेवर जाऊन कर्ण मोजा. ३० बाय ५० चा प्लॉट खरोखर काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण सुमारे ५८ फूट पावणेचार इंच आले पाहिजेत. दोन्हींत फरक आला तर प्लॉट तिरका आहे, आणि तो तिरकाच काढायचा.

मग सामासिक अंतरं, म्हणजे चारी बाजूंनी सोडायची जागा. ती रस्त्याची रुंदी, प्लॉटचं क्षेत्र आणि इमारतीची उंची यांवर ठरते. मुंबईसारखे काही भाग सोडले तर राज्यभर २०२० ची एकत्रित नियमावली, म्हणजे युडीसीपीआर, लागू आहे. शेजाऱ्यानं किती सोडलं ते बघून काढू नका. इंजिनिअरला एक फोन करून आपल्या प्लॉटचे चार आकडे मागून घ्या. समजा बांधायला २२ बाय ३५ फूट उरलं. हे माप बाहेरच्या कडेचं, म्हणून मधली रेघ २२ फुटांवर नको, २१ फूट पावणेदोन इंचांवर मारायची. भिंत ओढायला लागलात की एंटर दाबा, लांबी आकड्यात टाकता येते. माउसनं अंदाजे ओढू नका.

चारी बाजू बंद झाल्या की खोली काढायचं साधन घेऊन आत डबल क्लिक करा. खोली रंगानं भरते आणि क्षेत्रफळ दिसतं. भरली नाही तर कुठेतरी भिंतीचं टोक जुळलेलं नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या निदान एका राहण्याच्या खोलीला किमान साडेनऊ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट, आणि रुंदी किमान २.४ मीटर सांगितली आहे. ही किमान मर्यादा आहे हे लक्षात ठेवा. हवा-उजेडासाठी खिडक्यांचं क्षेत्र कोरड्या उष्ण भागात जमिनीच्या एक-दशांश, दमट उष्ण भागात एक-षष्ठांश असावं.

सामान ठेवताना यादीतलं तयार सामान आहे तसं वापरू नका, ते युरोपातल्या घरांच्या मापाचं असतं. प्रत्येक वस्तूवर डबल क्लिक करून तुमच्या टेपचं माप भरा. देव्हारा, पाण्याचा पिंप, गिरणी मिळणार नाही, तिथे साधा खोका घ्या, माप भरा आणि नाव लिहा. दारं ओढून भिंतीवर सोडली की आपोआप बसतात आणि उघडण्याची कमान दिसते. ती कमान नीट बघा. दारामागे कपाट ठेवायचं असेल तर कोपऱ्यापासून दोन फूट सोडून दार घ्या. आमच्याकडे येणाऱ्या नकाशांत दार कोपऱ्याला चिकटलेलं असतं आणि ती अख्खी भिंत वाया जाते.

जिन्यावर जास्त वेळ द्या. सॉफ्टवेअरमधला जिना रबरासारखा ताणला जातो, जागेत बसवायला दाबला तरी तक्रार करत नाही, पण पायऱ्या चढण्याजोग्या राहत नाहीत. म्हणून हिशेब कागदावर करा. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत १० फूट, म्हणजे १२० इंच. १८ चढ घेतले (चढ म्हणजे एका पायरीवरून पुढच्या पायरीची उंची), तर एक चढ पावणेसात इंचांच्या आत येतो, आजीलाही चालेल असा. दोन टप्प्यांचा जिना घेतला तर एका टप्प्यात ९ चढ आणि ८ पायऱ्या, कारण नववा चढ थेट लँडिंगवर, म्हणजे मधल्या सपाट जागेवर नेतो. पाऊल ठेवायची पायरी १० इंच खोल धरली तर ८० इंच, त्यात ३ फुटांचं लँडिंग, म्हणजे ९ फूट ८ इंच लांबी. रुंदीला तीन-तीन फुटांचे दोन टप्पे आणि मधे थोडी फट, साडेसहा फूट धरा. पहिल्या पायरीपुढे उभं राहायला तीन फूट वेगळे.

‘लँडिंगखाली संडास बसवा’ असं जवळपास प्रत्येक घर सांगतं. ९ चढांनंतर लँडिंग जमिनीपासून ५ फुटांवर येतं, त्यातून स्लॅबची जाडी गेली की खाली साडेचार फूट उरतात. तिथे माणूस उभा राहत नाही. ती जागा इन्व्हर्टरला, धान्याच्या कोठीला द्या आणि संडासाला नकाशात हक्काची जागा द्या. घरात म्हातारं माणूस असेल तर ती तळमजल्यावर, त्यांच्या खोलीला लागून.

वरचा मजला काढायचा तर नवी लेव्हल घ्या. खालच्या भिंती फिकट दिसत राहतात. शक्य तिथे भिंतीवर भिंत आणि बाथरूमवर बाथरूम आणा. ड्रेनेजचा पाइप सरळ खाली येतो आणि खालच्या खोलीच्या छताला ओल यायची भीती कमी होते. कॉलम किती जाडीचे, कुठे, हे तुम्ही ठरवायचं नाही. पण ९ बाय १२ इंचांचे खोके कोपऱ्यांवर ठेवून बघा, म्हणजे कपाटाच्या किंवा दाराच्या जागेत कॉलम येतोय का ते आधीच कळेल.

आता थ्रीडी बघा. होकायंत्राच्या चित्रावर डबल क्लिक करून उत्तर दिशा आणि गाव भरा. प्लॉटवर मोबाइलनं दिशा घेताना गाडी आणि सळईच्या ढिगापासून लांब उभे राहा. घरच्यांना स्वयंपाकघर आग्नेयेला हवं असेल तर तो प्रश्न आत्ताच सुटू द्या, कॉलम उभे राहिल्यावर नको. फोटो काढायच्या खिडकीत वरची क्वालिटी निवडली की तारीख आणि वेळ टाकता येते. एप्रिल महिना आणि संध्याकाळचे पाच टाका. सूर्य तेव्हा पश्चिमेच्या थोडा उत्तरेकडे आणि खाली उतरलेला असतो, छज्जा त्याला अडवत नाही. ऊन ओट्यावर पडत असेल तर स्वयंपाक करणारीला रोज संध्याकाळी भट्टीत उभं राहावं लागेल. खिडकी उत्तरेच्या भिंतीत न्या, किंवा पश्चिमेला जिना, बाथरूम असं काही आणा.

घरात फिरणाऱ्या माणसाची उंची बदलता येते. ती सासूबाईंच्या उंचीइतकी करा, चार फूट दहा असेल तर तेवढी. मग त्या उंचीवरून खिडकीबाहेर काय दिसतं, वरचं कपाट किती उंच वाटतं ते बघा. हे त्यांना शेजारी बसवून दाखवा. मोठ्या माणसांना नकाशा वाचता येत नाही असं आपण धरून चालतो, पण थ्रीडीत आपली खोली दिसली की त्या नेमकं बोलतात.

नकाशा ठरला की प्लॉटवर किंवा गच्चीवर फक्कीनं एक खोली खऱ्या मापात आखा आणि तिच्यात उभे राहा. पलंगाच्या जागी सतरंजी टाका, दाराच्या जागेतून दोघं एकदम जाऊन बघा.

छापताना पेज सेटअपमध्ये प्रमाण १:१०० ठेवलं तर ३० बाय ५० चा अख्खा प्लॉट ए-फोर कागदावर येतो. १:५० हवं असेल तर ए-थ्री घ्या. ही प्रत गवंड्याच्या हातात देऊ नका. यात पाया नाही, सळई नाही, बीम नाही. मंजुरीचा नकाशा परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टच्या सहीनंच दाखल होतो आणि तो कॅडमध्ये नव्यानं काढावा लागतो, ते काम माझ्यासारख्यांचं. तुमच्याकडून आम्हाला पीडीएफ हवी, आतून आतली मापं टाकलेली, उत्तर दिशा दाखवलेली. सोबत क प्रत, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, टेपनं मोजलेल्या सामानाची यादी, आणि नकाशातल्या कुठल्या दोन गोष्टी काहीही झालं तरी हलवायच्या नाहीत ते एका ओळीत लिहिलेलं.