कॉलेजचा लाइनमन एनएफएलमध्ये टिकेल का? फिल्म पाहून कसे जोखावे

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाट काढून देणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनमनच्या खात्यावर आकडे जवळजवळ नसतातच. क्वार्टरबॅकचे यार्ड मोजतात, रिसीव्हरचे झेल मोजतात. लाइनमनच्या नावावर जमा होतात त्या पेनल्ट्या आणि सॅक (पास सुटण्याआधीच क्वार्टरबॅक पाडला जाणे), आणि त्यातल्या सॅकचा दोषही पुष्कळदा चेंडू धरून बसलेल्या क्वार्टरबॅकचा असतो. त्यामुळे एप्रिलमधल्या ड्राफ्टआधी, म्हणजे व्यावसायिक लीग एनएफएलचे संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात त्याआधी, या पोरांना जोखायचे तर फिल्म पाहण्याला पर्याय नाही. फिल्म पाहतानाही तो जिंकतो कसा यापेक्षा हरतो कसा, यावर डोळा ठेवायचा. कॉलेजात त्याच्यासमोर उभे राहणारे बहुतेक जण पदवी घेऊन नोकरीधंद्याला लागणार असतात. त्यांना लोळवल्याने फारसे काही सिद्ध होत नाही.

नवख्या वाचकासाठी जागा सांगून ठेवतो. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. ‘टॅकल’ हे इथे जागेचे नाव आहे, पाडापाडीचे नव्हे. टॅकलसमोर क्वार्टरबॅकवर बाहेरून धावून येणारे चपळ एज रशर येतात, गार्ड आणि सेंटरसमोर दीडशे किलोच्या आसपासचे धटिंगण.

१. आधी सामने निवडा

निदान चार सामने पूर्ण पाहा. हायलाइट्स पाहून मत बनवू नका, त्यात प्रत्येक जण पैलवान दिसतो. चारांपैकी एक सामना त्या मोसमातल्या सर्वात चांगल्या पास रशरविरुद्धचा हवा. एक असा हवा की ज्यात त्याचा संघ मागे पडला होता, कारण तेव्हा प्रत्येक वेळी पास येणार हे समोरच्याला ठाऊक असते आणि तो मोकाट सुटतो. एक मोसमाच्या शेवटचा आणि एक आदल्या वर्षीचा, म्हणजे पोरगा सुधारतोय की जिथल्या तिथे आहे ते कळते.

निकालाकडे पाहून सामना टाळू नका. १८ ऑक्टोबर २०१९ रोजी नॉर्थवेस्टर्न ओहायो स्टेटकडून ५२–३ असा हरला. पण त्या सामन्यात नॉर्थवेस्टर्नचा लेफ्ट टॅकल रशॉन स्लेटरने ओहायो स्टेटचा रशर चेस यंगला दिलेली लढत संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्या स्काउट मंडळींनी पुन्हा पुन्हा पाहिली. स्लेटर २०२० चा मोसम खेळलाच नाही, तरी २०२१ च्या ड्राफ्टमध्ये चार्जर्सने त्याला तेराव्या क्रमांकावर उचलले.

शक्य असेल तर एंड झोनच्या मागून घेतलेले चित्रण मिळवा. टीव्हीवरच्या बाजूच्या कोनातून लाइनमन मागे किती सरकला ते दिसते, पण हात कुठे लागले आणि पाय किती रुंद पडले ते फक्त मागूनच दिसते.

२. खोटे स्नॅप बाजूला काढा

हे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक जण इथेच घसरतात. सेंटर चेंडू मागे देतो आणि खेळ सुरू होतो, तो एक स्नॅप; एका सामन्यात लाइनमन असे साधारण साठ-सत्तर स्नॅप खेळतो. त्यातले पासचे वेगळे काढा. त्यातून स्क्रीन पास (रशरला मुद्दाम पुढे येऊ देऊन टाकलेला आखूड पास) वगळा, प्ले-अ‍ॅक्शन (आधी रनचे सोंग, मग पास) वगळा, दोन सेकंदांच्या आत सुटलेले पास वगळा. रन-पास ऑप्शनही (रन की पास हे क्वार्टरबॅक ऐन वेळी ठरवतो) वगळा, कारण त्यात लाइनमन रनच अडवत असतो. कॉलेजच्या नियमात पासच्या वेळी लाइनमनला रेषेपुढे तीन यार्डांपर्यंत जाता येते, एनएफएलमध्ये एकच यार्ड. म्हणून कॉलेजात हा प्रकार फोफावला आहे.

एवढे गाळल्यावर हाती उरतात ते खरे पास-प्रोटेक्शनचे स्नॅप. काही संघांत ते सामन्याला जेमतेम दहा-पंधरा निघतात. तिसरा डाउन (दहा यार्ड काढायच्या चार प्रयत्नांतला तिसरा) आणि सात यार्डांहून जास्त बाकी, हे त्यातले सर्वात कसदार.

ऑबर्नच्या ग्रेग रॉबिन्सनचे उदाहरण इथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. २०१३ मध्ये ऑबर्न देशात सर्वाधिक रशिंग यार्ड काढणारा संघ होता आणि रनमध्ये रॉबिन्सन समोरच्याला अक्षरशः वाहून न्यायचा. २०१४ मध्ये रॅम्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले. पण दर सामन्यात पंचवीस-तीस वेळा मागे सरकत पास वाचवण्याची सवय त्याला कॉलेजात लागलेलीच नव्हती, आणि २०१७ मध्ये रॅम्सने त्याला डेट्रॉइटला देऊन टाकले. ताकद खरी होती. फिल्ममध्ये परीक्षेचे प्रश्नच कमी होते.

३. प्रत्येक स्नॅप तीनदा पाहा

पहिल्यांदा फक्त पाय, दुसऱ्यांदा हात, तिसऱ्यांदा डोळे आणि शेवट. सगळे एकदम पाहायला गेलात की नजर आपोआप चेंडूमागे पळते. गडी हरला तर वहीत त्या स्नॅपपुढे वजा खूण करा.

पाय: पास वाचवताना टॅकल बाहेरचा पाय मागे टाकतो आणि आतल्या पायाने जमीन ढकलत सरकतो. याला किक-स्लाइड म्हणतात. सगळा जोर आतल्या पायाचा असतो. दोन्ही पायांत अंतर कायम राहतेय का पाहा. टाचा एकमेकींना लागल्या की त्या क्षणी तो खांबासारखा उभा असतो, कुणीही लोटावे. दुसरी खोड म्हणजे कंबर लवकर वळवणे. घाबरलेला टॅकल रशरच्या वेगाला भिऊन बाजूला तोंड करतो आणि क्वार्टरबॅककडे जाणारे फाटक सताड उघडतो. तिसरी, फार बाहेर सरकणे. बाहेरून हरू नये म्हणून तो जास्तच बाहेर जातो आणि रशर आतून सटकतो. क्वार्टरबॅककडे जायचा आतला रस्ता सर्वात जवळचा, म्हणून आतून हरणे बाहेरून हरण्यापेक्षा वाईट समजा आणि टिपणात तसे वेगळे लिहा.

हात: दोन्ही हात रशरच्या छातीवर, काखांच्या आत बसायला हवेत. बाहेरून खांदे धरणारा कॉलेजात निभावून नेतो, एनएफएलमध्ये होल्डिंगच्या दहा यार्डांत जातो. हात कधी टाकतो तेही पाहा. लवकर टाकले तर रशर ते झटकून टाकतो, उशिरा टाकले तर रशर आधी छातीत घुसतो. दोन्ही हात दर वेळी एकाच ठेक्यात टाकणाऱ्याचा ठेका रशरला तिसऱ्या क्वार्टरपर्यंत पाठ होतो. एक हात पुढे करून चकवणारा, मग दुसरा बसवणारा गडी दिसला तर त्याच्या नावापुढे खूण करा.

डोळे: दोन रशर आपापसात जागा बदलतात त्याला स्टंट म्हणतात. आतला बाहेर धावतो, बाहेरचा त्याच्या मागून आत येतो. आपला गडी माणसामागे धावतो की आपली जागा सांभाळून येणाऱ्याला शेजाऱ्याकडून हातोहात घेतो? सेंटरच्या बाबतीत हे सर्वात महत्त्वाचे, कारण स्नॅपआधी समोरची मांडणी वाचून बाकीच्यांना हाक देणारा बहुधा तोच असतो. मोकळा असताना त्याचे डोके दोन्हीकडे फिरते की तो रिकाम्या जागेत नुसता उभा राहतो, एवढे पाहिले तरी बरेच कळते.

४. हरलेले स्नॅप

आता वही पुन्हा उघडा आणि फक्त वजा खूण असलेले स्नॅप सलग लावा. चार सामन्यांत ते पंधरा असोत की तीस, त्यात एकच कारण वारंवार येतेय का ते शोधा.

तंत्राची चूक असेल, म्हणजे हात रुंद पडतात, पहिले पाऊल आखूड पडते, डोके पुढे काढून तो कमरेतून वाकतो, तर चांगला प्रशिक्षक ती दुरुस्त करू शकतो. पण वेगवान रशर कोपऱ्यावरून वळताना टॅकलचे पाऊल तिथवर पोचतच नसेल, तर ते शिकवून येत नाही. तसेच ताठ नितंबांचे. छातीवर धडक बसल्यावर ज्याची बैठक खाली जात नाही, जो गुडघ्यांऐवजी कमरेतून वाकतो, तो ढकलला जाणारच.

छातीवरच्या धडकेला बुल रश म्हणतात आणि ती थोपवण्याला अँकर. दोन पावले मागे जाणे गुन्हा नाही. तिसऱ्या पावलाला तो थांबतो का ते पाहा. चांगला गडी छोटीशी उडी मारून पाय पुन्हा रोवतो, ढुंगण खाली घेतो आणि तिथेच थबकतो. तालमीत ज्यांनी कुस्ती पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. ठाण सुटले की डाव गेला. टॅम्पा बेचा ट्रिस्टन वर्फ्स शाळेत आयोवा राज्याचा हेवीवेट कुस्ती विजेता होता. स्टीफन नील तर कॉलेजात फुटबॉल खेळलाच नव्हता. १९९९ चा जागतिक कुस्ती विजेता पॅट्रियट्सचा गार्ड झाला. शाळेच्या माहितीत कुस्ती दिसली तर ती ओळ वगळू नका.

आणि हरायला लागल्यावर तो काय करतो? कोपऱ्यावर मागे पडलेला टॅकल रशरला क्वार्टरबॅकच्या मागून लांब ढकलत नेतो का, की हात सोडून पाहत राहतो? सॅक झाल्यावरच्या पुढच्या तीन स्नॅपमध्ये तो घाईने आधीच हलून फॉल्स स्टार्टचे पाच यार्ड घालवतो का? लाइनमन कोणीही असो, एनएफएलमध्ये तो रविवारी दोन-चार वेळा हरणारच आहे.

५. रन ब्लॉकिंग

इथे डोळ्यांना भुरळ पडते, म्हणून थोडक्यात. जमिनीवर आडवे केलेले गडी मोजू नका. टक्कर होण्याआधी दुसरे पाऊल जमिनीवर पडले होते का आणि टकरीनंतर पाय चालूच राहिले का, हे मोजा. दोघांनी मिळून एकाला हलवायचे आणि मग एकाने सुटून पुढच्या फळीमागे उभ्या असलेल्या लाइनबॅकरपर्यंत पोचायचे, या कॉम्बो ब्लॉकमध्ये बरेच जण एक तर लवकर सुटतात नाही तर सुटतच नाहीत. मोकळ्या मैदानात धावणाऱ्या लाइनबॅकरवर नुसती झडप घालून तोंडावर पडणारा गडी पुढच्या स्तरावर आणखी पडेल. गार्ड असेल तर तो रांगेतून निघून दुसऱ्या बाजूला धावतो तेव्हाचे वळण पाहा. शरीर खाली ठेवून वळतो की बसगाडीसारखा वळसा घालतो?

६. मग आकडे, आधी नव्हे

फिल्मवरचे मत लिहून झाल्यावरच इंडियानापोलिसच्या कम्बाइनचे, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांचे, आकडे उघडा. उलट केलेत तर डोळे आकड्यांना हवे तेच शोधतात.

टॅकलच्या हाताची लांबी जुन्या मापाने ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर हवी. ३३ च्या खाली आली की संघ त्याला गार्ड म्हणून पाहू लागतात. नोत्र दामचा टॅकल झॅक मार्टिन २०१४ मध्ये डॅलसला गेला आणि गार्ड म्हणून त्याने पिढी गाजवली. पण जो थॉमसचे हात साडेबत्तीस इंचांचे होते आणि तो लेफ्ट टॅकल म्हणून हॉल ऑफ फेममध्ये गेला. आखूड हाताने हरलेले स्नॅप फिल्ममध्ये दाखवता आले तरच ते उणे धरा.

४० यार्डांच्या धावेत पहिल्या १० यार्डांची वेळ पाहा. १.८ सेकंदांच्या आत असेल तर उत्तम. लाइनमन ४० यार्ड धावतो कधी? उंच उडी आणि लांब उडी कमरेतला स्फोट दाखवतात. वर्फ्सने २०२० मध्ये ३२० पौंड वजनाने साडेछत्तीस इंचांची उंच उडी मारली होती. २२५ पौंडांच्या, म्हणजे १०२ किलोच्या बेंच प्रेसला फार भाव देऊ नका, लांब हातांच्या माणसाला बार जास्त अंतर ढकलावा लागतो. ऑर्लँडो ब्राउन ज्युनियरने २०१८ मध्ये ४० यार्डांना ५.८५ सेकंद घेतले आणि बेंच १४ वेळाच उचलला. त्यामुळे तो तिसऱ्या फेरीत घसरला, आणि पुढे चार वेळा प्रो बोलमध्ये, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंत, निवडला गेला. आकडे आणि फिल्म जुळत नसतील तर परत फिल्मकडे जा.

अलाबामातल्या मोबाइल शहरी होणाऱ्या सीनियर बोलच्या, म्हणजे ड्राफ्टआधी कॉलेजच्या निवडक खेळाडूंच्या सामन्याच्या, सरावात एकास-एक लढती होतात. त्या पाहाव्या, पण मदतीला शेजारी नसल्याने तिथे रशरलाच झुकते माप असते. निकालापेक्षा, पहिल्या दिवशीची चूक तिसऱ्या दिवशी दिसते का ते टिपा. दुखापतींचा तपशील संघांच्या डॉक्टरांकडे असतो. बाहेरच्या माणसाला किती सामने चुकले एवढेच मोजता येते, तेवढे मोजा.

७. जागा आणि संघ लिहिल्याशिवाय अहवाल संपवू नका

‘चांगला लाइनमन’ हे मत नव्हे. कुठे चांगला, कुणाकडे चांगला? लेफ्ट टॅकलच महत्त्वाचा, ही समजूत जुनी झाली. टी. जे. वॉटसारखा रशर बहुतेक वेळ राइट टॅकलसमोरच उभा असतो. जेसन केल्सी २०११ मध्ये जेमतेम २८० पौंडांचा होता आणि सहाव्या फेरीपर्यंत उरला. ईगल्सना धावते, चपळ सेंटर हवे होते, तिथे तो पहिल्याच वर्षी सगळे सामने खेळला. जाडजूड रन ब्लॉकिंगवर चालणाऱ्या संघात त्याच वजनाने तो कदाचित बाकावर बसला असता.

खालच्या फेऱ्यांतल्या गड्यासाठी आणखी एक हिशेब आहे. संघाने किमान आठ लाइनमन सज्ज ठेवले तरच सामन्याच्या दिवशी ४८ खेळाडू उतरवता येतात. सुरुवातीचे पाच सोडले तर उरलेल्या तिघांना पाच जागा भरायच्या असतात. म्हणून फक्त राइट गार्ड खेळू शकणारा राखीव गडी कुणाला परवडत नाही. सेंटरचा स्नॅप टाकता येतो का, हे त्याच्या अहवालात असायलाच हवे.

अहवाल पाच-सहा ओळींत बसवा. जागा आणि पर्यायी जागा, सर्वात मोठे बळ, हरण्याचे मुख्य कारण आणि ते दुरुस्त होण्याजोगे आहे की नाही, कोणत्या पद्धतीच्या संघात बसेल, पहिल्या वर्षी खेळेल की दोन वर्षे लागतील. प्रत्येक विधानापुढे सामना, क्वार्टर आणि घड्याळाची वेळ टाका. तारीखही टाका, आणि दोन मोसमांनी तो कागद काढून त्याच खेळाडूच्या एनएफएलमधल्या वजा खुणांशेजारी ठेवा.